शहरातील हवेचे सूक्ष्म कण : स्रोत कसे ओळखतात आणि त्यात शेतीचा वाटा कसा ठरतो?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की दिल्लीच्या धुराच्या बातम्या सुरू होतात आणि बोट दाखवले जाते ते पंजाब-हरियाणातील भातशेतीकडे. आपल्याकडेही उसाच्या फडात पाचट पेटले की जवळच्या शहरातून तक्रारी येतात. दिल्ली आणि लगतच्या राज्यांत पिकांचे अवशेष जाळणाऱ्या शेतकऱ्यावर नोव्हेंबर २०२४ पासून २ एकरांपर्यंत ५,००० रुपये, २ ते ५ एकरांसाठी १०,००० रुपये आणि ५ एकरांपेक्षा जास्त क्षेत्रासाठी ३०,००० रुपये असा दंड आहे. दंड शेतकऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून शहराच्या हवेत आपला वाटा नेमका किती आणि तो कसा मोजला जातो, हे आपल्याला माहीत असायला हवे.

धूर डोळ्यांना दिसतो, पण तो कोणाचा हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी हवेतील कण गोळा करून त्यांची तपासणी करावी लागते. मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिल्यावर जसे नत्र, स्फुरद, पालाश कळते, तसेच हवेतील कणांच्या नमुन्यातून ते कशाच्या जळण्यातून किंवा कोणत्या धुळीतून आले हे कळते. ही तपासणी कशी होते, तिच्या मर्यादा काय आणि तिच्यातून आपल्या शेतासाठी काय घ्यायचे, ते या लेखात पाहू.

सूक्ष्म कण म्हणजे काय?

हवेतील ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, म्हणजे हे कण केसाच्या विसाव्या भागापेक्षाही लहान असतात. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सर्व कणांना पीएम १० म्हणतात. त्यातील जाडसर कण बहुतांशी रस्त्यावरची, बांधकामाची व शेतातील धूळ असते. ती नाका-घशात बऱ्याच प्रमाणात अडते. पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या आतल्या वायुकोशांपर्यंत जाते. दमा, फुप्फुसाचे जुने आजार, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध आहे.

मानके लक्षात ठेवण्यासाठी :

- भारतीय मानक (२००९) : पीएम २.५ ची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम.
- जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस (२०२१) : वार्षिक सरासरी ५, २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम.

हिवाळ्यातच हवा जास्त का बिघडते?

थंडीत पहाटे गुऱ्हाळाचा धूर वर न जाता शिवारावर आडवा पसरलेला आपण पाहिला असेल. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड व जड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. हा थर झाकणासारखे काम करतो. खाली सोडलेला धूर तिथेच कोंडतो. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा उंचापर्यंत ढवळली जाते आणि तेवढाच धूर मोठ्या जागेत विरळ होतो. पावसाळ्यात पाऊस कण धुऊन काढतो.

त्यामुळे फक्त हवेतील आकडा वाढला म्हणून धुराचे स्रोत वाढले असे म्हणता येत नाही. स्रोत तेच असूनही झाकण खाली आल्याने आकडा दुप्पट होऊ शकतो. स्रोत ओळखण्यासाठी वेगळ्या पद्धती लागतात.

स्रोत ओळखण्याच्या तीन पद्धती

१) उत्सर्जनाची यादी

शहरात किती वाहने आहेत, ती रोज किती किलोमीटर धावतात, किती कोळसा, लाकूड, डिझेल जळते, किती बांधकामे चालू आहेत, याची मोजदाद करतात. शहराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची वेगळी नोंद ठेवतात. प्रत्येक बाबीतून किती कण निघतात याचा गुणांक लावून एकूण बेरीज काढतात. ही पद्धत सोपी वाटते, पण यादीत जे लिहिले नाही ते हिशेबात येत नाही. रात्री पेटवलेला कचरा किंवा शेकोटी यांची नोंद कोण ठेवणार? शिवाय शहराबाहेरून वाऱ्याबरोबर आलेला धूर या यादीत नसतो.

२) फिल्टरवरील नमुन्याची तपासणी

इथे उलट बाजूने सुरुवात होते. आधी हवेतील कण पकडायचे आणि मग ते कुठून आले ते शोधायचे. नमुना घेणाऱ्या यंत्रातून मिनिटाला साधारण १६.७ लिटर हवा २४ तास ओढली जाते. म्हणजे दिवसभरात सुमारे २४ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. हवा मानकाच्या काठावर, म्हणजे ६० मायक्रोग्रॅमवर असेल, तर दिवसाअखेर फिल्टरवर जेमतेम १.४ मिलिग्रॅम कण जमतात. मोहरीच्या एका दाण्याहूनही हे वजन कमी आहे. एवढ्या नमुन्यातून धातू, क्षार आणि कर्ब असे सगळे तपासायचे असते. म्हणून टेफ्लॉन व क्वार्ट्झ असे वेगवेगळे फिल्टर लावतात. टेफ्लॉनवर वजन आणि मूलद्रव्ये, क्वार्ट्झवर कर्ब मोजतात.

३) वाऱ्याचा माग आणि उपग्रह

नमुना घेतला त्या वेळी हवा कुठून आली होती, हे हवामानाच्या नोंदींवरून मागे मागे जात काढता येते. त्या वाटेवर उपग्रहाला आगी दिसल्या का, ते जुळवून पाहतात. उपग्रहाचीही मर्यादा आहे. आगी टिपणारे प्रमुख उपग्रह भारतावरून ठरावीक वेळी, दिवसा साधारण दुपारी दीडच्या सुमारास जातात. त्यानंतर संध्याकाळी लावलेली लहान आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. ढग असले तरी आग दिसत नाही.

तिन्ही पद्धतींची उत्तरे एकमेकांशी जुळली, तरच निष्कर्षावर भरवसा ठेवावा.

प्रत्येक स्रोताची ओळखखूण

प्रत्येक स्रोताच्या कणांत काही घटक ठळकपणे असतात. त्यांनाच त्या स्रोताची खूण मानतात.

- माती व रस्त्याची धूळ : सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम. बांधकामाच्या धुळीत सिमेंटमुळे कॅल्शियम जास्त.
- वाहने : डिझेलच्या धुरात काळा कर्ब. ब्रेक झिजल्याने तांबे, बेरियम, अँटिमनी. टायर झिजल्याने जस्त.
- कोळसा : सल्फेट, सेलेनियम, आर्सेनिक.
- जड तेल जाळणाऱ्या भट्ट्या व जहाजे : व्हॅनेडियम आणि निकेल.
- समुद्राचे क्षार : सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम. मुंबईसारख्या किनारी शहरात ही खूण दिसते आणि ती निसर्गाची असते.
- कचरा जाळणे : प्लास्टिकमुळे क्लोराइड आणि अँटिमनीसारखे धातू.
- फटाके : बेरियम, स्ट्रॉन्शियम, ॲल्युमिनियम आणि भरपूर पालाश.
- लाकूड, पाचट, पेंढा, गोवऱ्या : पाण्यात विरघळणारा पालाश आणि लेव्होग्लुकोसान नावाचे संयुग.

लेव्होग्लुकोसान समजून घेण्यासारखे आहे. वनस्पतीच्या काडीत सेल्युलोज असते. ते जळताना तुटून हे साखरेसारखे संयुग तयार होते. डिझेल-पेट्रोलमध्ये सेल्युलोज नसते, म्हणून वाहनाच्या धुरात ते सापडत नाही. फिल्टरवर ते सापडले, की काडी, लाकूड किंवा पाला जळाला आहे हे समजते.

आणखी एक खात्रीची खूण म्हणजे कर्बाचा किरणोत्सर्गी प्रकार, कार्बन-१४. जिवंत झाड हवेतून तो सतत घेत असते. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असल्याने त्यात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे फिल्टरवरील कर्बापैकी किती ताज्या वनस्पतीचा आणि किती खनिज इंधनाचा, हे वेगळे करता येते.

हिशेब कसा मांडतात? एक सोपे उदाहरण

खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका दिवशी हवेत पीएम २.५ चे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम आहे. फिल्टरवर लोह ०.८ आणि पालाश १.९ मायक्रोग्रॅम सापडले. त्या भागातील धुळीत लोह ४ टक्के आणि पालाश २ टक्के असतो. काडी जळलेल्या धुरात पालाश ५ टक्के असतो आणि लोह जवळजवळ नसते.

१. लोह फक्त धुळीतून आले असे धरू. मग धूळ = ०.८ भागिले ०.०४ = २० मायक्रोग्रॅम.
२. या २० मायक्रोग्रॅम धुळीबरोबर आलेला पालाश = २० चे २ टक्के = ०.४ मायक्रोग्रॅम.
३. उरलेला पालाश = १.९ वजा ०.४ = १.५ मायक्रोग्रॅम. हा धुराचा.
४. काडीचा धूर = १.५ भागिले ०.०५ = ३० मायक्रोग्रॅम.

म्हणजे १०० पैकी २० धूळ आणि ३० काडीचा धूर. उरलेले ५० वाहने, कोळसा आणि इतर स्रोतांत वाटायचे. दुसरी पायरी गाळली असती, तर सगळा पालाश धुराच्या नावावर पडून उत्तर ३८ आले असते. म्हणजे न जाळलेल्या काडीचाही दोष जाळणाऱ्याच्या माथी गेला असता.

प्रत्यक्षात वीस-पंचवीस घटक आणि सात-आठ स्रोत एकाच वेळी संगणकावर सोडवतात. स्रोतांच्या खुणा आधीच माहीत असतील तर रासायनिक वस्तुमान ताळेबंद ही पद्धत वापरतात. खुणा माहीत नसतील तर शेकडो दिवसांच्या नमुन्यांत कोणते घटक एकत्र वाढतात व एकत्र कमी होतात, यावरून स्रोत वेगळे करतात. पहिल्या पद्धतीत स्थानिक धुळीची आणि धुराची खूण अचूक हवी. परदेशातील खूण जशीच्या तशी उचलली, तर उत्तर चुकते.

दिल्लीचा अनुभव काय सांगतो?

दिल्लीचा सविस्तर अभ्यास आयआयटी कानपूरने केला. त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. त्यानुसार हिवाळ्यातील पीएम २.५ मध्ये हवेतच तयार होणारे दुय्यम कण सुमारे ३० टक्के, काडी-लाकूड इत्यादी जैविक पदार्थ जळण्याचा धूर सुमारे २६ टक्के आणि वाहने सुमारे २५ टक्के होती. उन्हाळ्यात चित्र बदलले. तेव्हा माती-रस्त्याची धूळ आणि कोळसा व राख हे दोन मोठे वाटेकरी ठरले. एकाच शहरात ऋतू बदलला की स्रोतांचा क्रम बदलतो, हे इथे नीट दिसते.

भाताच्या पेंढ्याचा प्रश्न ठरावीक आठवड्यांचा आहे. पंजाबात भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदा झाला आणि भाताची लावणी जूनच्या मध्याकडे सरकली. त्यामुळे कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीआधी जेमतेम दोन-तीन आठवडे हातात राहू लागले. कंबाइन हार्वेस्टर उभी धसकटे व मोकळा पेंढा मागे ठेवतो. मजूर मिळत नाही, पेरणीची घाई असते, म्हणून काडी लावली जाते. नेमक्या त्याच दिवसांत वारा मंदावतो आणि थंड हवेचे झाकण बसू लागते.

पुण्याची आयआयटीएम ही संस्था दिल्लीसाठी रोजच्या स्रोतांचा अंदाज देते. नोव्हेंबरच्या वाईट दिवशी पेंढ्याच्या धुराचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेलेला आढळला आहे. वारा फिरला की दुसऱ्या दिवशी तोच वाटा पाच-दहा टक्क्यांवर येऊ शकतो. वर्षभराच्या सरासरीत तो बराच कमी भरतो.

नोव्हेंबरअखेर पेंढा जाळणे संपते, तरी डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीची हवा खराबच राहते. म्हणजे काही दिवसांचा मोठा वाटा शेताचा आहे हे खरे, आणि संपूर्ण हिवाळ्याचा दोष शेतावर टाकता येत नाही हेही तितकेच खरे.

अहवालातील "बायोमास" म्हणजे फक्त शेत नव्हे

वर्तमानपत्रात "बायोमासचा वाटा इतका टक्के" असे छापून येते आणि वाचणारा ते शेतातील आगीशी जोडतो. इथे मोठी गफलत होते. लेव्होग्लुकोसान आणि पालाश या खुणा पुढील सगळ्या धुरांत सारख्याच असतात :

- घरातील चूल, पाणी तापवायचा बंब
- थंडीतील शेकोट्या
- लाकडी भट्टीच्या बेकऱ्या, ढाब्याचे तंदूर
- रस्त्याकडेला जाळलेला पालापाचोळा
- वीटभट्ट्यांत वापरलेली काडी, भुसा
- शेतातील पाचट, पेंढा, पऱ्हाटी, तुराट्या

फक्त रसायनांवरून चूल आणि शेत वेगळे करणे अवघड आहे. त्यासाठी वेळ, वारा आणि आगीच्या नोंदी पाहाव्या लागतात. धूर रोज सकाळ-संध्याकाळ वाढत असेल तर तो चुलींचा असण्याची शक्यता जास्त. काही दिवसच एकदम वाढला आणि वाऱ्याच्या वाटेवर आगी दिसल्या, तर तो शेताचा. दिवाळीत तर फटाक्यांचा पालाशही त्यात मिसळतो. तेव्हा बेरियम, स्ट्रॉन्शियम पाहून फटाके वेगळे काढावे लागतात.

म्हणून एखादा अहवाल समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. नमुने कोणत्या महिन्यांतील आहेत? आकडा पीएम १० चा की पीएम २.५ चा? आणि "बायोमास"मध्ये काय काय धरले आहे?

न दिसणारा वाटा : युरिया आणि गोठ्यातील अमोनिया

वर "दुय्यम कण" असा उल्लेख आला. हे कण कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाहीत, ते हवेतच तयार होतात. वाहनांतून नायट्रोजनचे ऑक्साइड व कोळशातून सल्फर डायऑक्साइड निघतो. हवेत त्यांची आम्ले बनतात. त्यांना अमोनिया भेटला की अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट यांचे सूक्ष्म कण तयार होतात. हा अमोनिया बऱ्याच अंशी शेतातील युरिया आणि जनावरांच्या मलमूत्रातून येतो.

इथे दोन्ही बाजू लागतात. शहर-कारखान्यांची आम्ले नसतील तर नुसत्या अमोनियाचे कण होणार नाहीत. पण हा अमोनिया म्हणजे आपण विकत घेतलेले नत्र आहे. युरिया जमिनीच्या पृष्ठभागावर पडला आणि ओल पुरेशी नसली, तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. सामू जास्त असलेल्या, चुनखडीयुक्त जमिनीत ऊन-वारा असताना पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नत्र असे वाया जाऊ शकते.

महाराष्ट्रातील चित्र

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांत स्रोतांचा अभ्यास करवून घेतला. तो २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईचे काम नीरी या संस्थेने आणि पुण्याचे काम एआरएआय या संस्थेने केले. जाडसर कणांत रस्त्याच्या धुळीचा आणि बारीक कणांत जळण्यातून येणाऱ्या धुराचा भार जास्त, हे त्या अभ्यासाचे सर्वसाधारण सूत्र होते. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव, जालना, लातूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर अशी शहरे आहेत. यातील अनेक शहरांना चारी बाजूंनी शेती लागून आहे.

आपल्याकडे शेतीशी जोडलेले धुराचे स्रोत असे :

- ऊस तुटल्यावर फडातील पाचट जाळणे (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल)
- कापसाची पऱ्हाटी व तुराट्या जाळणे (जानेवारी ते मार्च)
- कोकण व मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणे (उन्हाळा)
- बांधावरचा पालापाचोळा व गवत पेटवणे
- गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडाबरोबर टायर, प्लास्टिक जाळणे. हा धूर सर्वांत घातक असतो, तो टाळलाच पाहिजे.

आपल्याकडची जाळणी पंजाबसारखी दोन आठवड्यांत एकवटलेली नाही. ती चार-पाच महिने विखुरलेली असते. त्यामुळे दिल्लीचे टक्के आपल्या शहरांना लावू नयेत. मात्र धूर आधी गावातच पसरतो. पाचट पेटवणारा, शेजारच्या फडातील ऊसतोड कामगार आणि त्यांची लहान मुले तो सगळ्यात आधी छातीत घेतात.

फिल्टरवर सापडतो तो आपलाच पालाश

पाचटात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७५ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. म्हणजे ४० ते ५० किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते, त्या हिशेबाने हे सुमारे दोन गोण्या युरियाइतके झाले. हे नत्र पहिल्याच वर्षी सगळे पिकाला मिळत नाही, ते हळूहळू लागू होते. पण काडी लावल्यावर नत्र आणि कर्ब यांचा बहुतेक भाग हवेत जातो. पालाश बराचसा राखेत राहतो, तरी काही धुराबरोबर उडतो. शहरातील फिल्टरवर शास्त्रज्ञांना जो पालाश सापडतो, त्यातील काही असा शेतातून गेलेला असतो.

शेतात काय करावे?

उसाचे पाचट

- ऊस तुटल्यावर पाचट सरीत एकसारखे पसरावे. बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून बुडखे जमिनीलगत छाटावेत.
- शक्य असेल तर पाचट कुट्टी यंत्राने बारीक करावे. बारीक पाचट लवकर कुजते आणि खोडव्याच्या फुटव्यांना अडथळा होत नाही.
- एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक वापरावे. म्हणजे हेक्टरी १० टनांसाठी ८० किलो, १०० किलो आणि १० किलो.
- युरिया पाचटावर कोरडा पडू देऊ नये. टाकल्यावर लगेच पाणी द्यावे, नाहीतर त्यातील नत्र अमोनिया होऊन उडेल.
- आच्छादनामुळे बाष्पीभवन व तण कमी होते. पाण्याची पाळी लांबवता येते.

भात, कापूस, तूर

- भाताचा पेंढा चारा, गादीवाफ्यांवर आच्छादन, कंपोस्ट किंवा अळिंबीसाठी वापरावा.
- पऱ्हाटी व तुराट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडाव्यात किंवा कंपोस्ट करावे. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव झालेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये. हंगाम संपताच तिची कुट्टी करावी.

युरियाचा वापर

- युरिया फेकून न देता ओळीत, ५ सेंटिमीटर खोल, मातीआड द्यावा.
- फेकून द्यावाच लागला तर लगेच हलके पाणी द्यावे.
- मात्रा विभागून द्यावी. ठिबक असेल तर ठिबकमधून द्यावी.
- भर उन्हात, वाऱ्यात, कोरड्या जमिनीवर देऊ नये.
- शेणखताचा खड्डा झाकून ठेवावा. गोठ्यातील मूत्र एकत्र करून लगेच वापरावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आमच्या जवळच्या शहरात धूळ जास्त आहे की धूर, हे घरबसल्या कसे कळेल?
उत्तर : केंद्रीय मंडळाच्या "समीर" ॲपवर जवळच्या केंद्राचे पीएम १० आणि पीएम २.५ पाहावे. पीएम १० खूप जास्त आणि पीएम २.५ त्या मानाने कमी असेल तर धुळीचा भर. पीएम २.५ हे पीएम १० च्या निम्म्याहून बरेच जास्त असेल तर धुराचा किंवा दुय्यम कणांचा भर. दाखवलेला आकडा प्रत्यक्ष प्रमाण आहे की निर्देशांक, हे आधी तपासावे. हा केवळ ढोबळ अंदाज आहे. नेमका स्रोत फिल्टरच्या तपासणीनेच कळतो.

प्रश्न : पाचट संध्याकाळी जाळले तर धूर कमी त्रास देतो का?
उत्तर : नाही, उलट जास्त देतो. सूर्य मावळल्यावर हवेचे झाकण खाली येते आणि धूर रात्रभर गावावर राहतो.

प्रश्न : सगळ्या शेतकऱ्यांनी जाळणे थांबवले तर शहरांची हवा स्वच्छ होईल का?
उत्तर : जाळणीच्या दिवसांत निश्चित सुधारेल. पण वाहने, कोळसा, कचरा, बांधकाम आणि रस्त्याची धूळ यांवर काम झाल्याशिवाय वर्षभराची हवा स्वच्छ होणार नाही.

लक्षात ठेवा

- आकडा कोणत्या महिन्याचा, कोणत्या कणांचा आणि कोणत्या पद्धतीने काढला हे पाहिल्याशिवाय दोष मान्य करू नये आणि झटकूही नये.
- "बायोमास"मध्ये चूल, शेकोटी, बेकरी, कचरा आणि शेत सगळे येते.
- पाचट जाळले किंवा युरिया उघड्यावर टाकला, तर शहराची हवा बिघडण्याआधी नुकसान आपल्या जमिनीचे आणि खिशाचे होते.
- यंदा एका एकरापासून तरी सुरुवात करावी. पाचट ठेवलेल्या आणि जाळलेल्या क्षेत्राची पाण्याची पाळी, तण व खोडव्याचे उत्पादन वहीत लिहून ठेवावे. पुढच्या हंगामात निर्णय आपल्याच नोंदींवरून घेता येईल.